हवालदाराचा बंदोबस्त

विहिरीत पडलेल्या हत्तीच्या पिल्लाला गावकऱ्यांनी कसं बाहेर काढलं, ही गोष्ट मी आमूला सांगितली तेव्हा तिने तीन प्रश्न विचारले. गाव कोणतं? काढणाऱ्यांची नावं काय? आणि तुम्ही तिथं होता का? मला तिन्हींची उत्तरं येत नव्हती.

"मग खोटी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचे चार वाजले होते.

आमू म्हणजे आम्रपाली, माझी नात, वय वर्षे नऊ. मीरा रोडला आम्ही तिघं राहतो. ती, तिची आई पंचशीला आणि मी. पंचशीला माझी सून, एका इस्पितळात नर्स आहे. मुलगा निकेत जहाजावर असतो आणि सहा महिन्यांनी येतो. तो आला की घर भरल्यासारखं वाटतं, पण या गोष्टीत तो नाही.

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक कुत्रा राहायचा. अंगाने खाकी, म्हणून वॉचमनने त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. आमू शाळेतून आली की त्याला डब्यातली उरलेली पोळी द्यायची. उरावी म्हणून ती आईकडून एक जास्त मागून घ्यायची. एका दुपारी ती पोळी घेऊन उभी राहिली आणि हवालदार आला नाही. वॉचमनने सांगितलं, सकाळी टेम्पो आला होता. कमिटीने पाठवलेला. त्यात घालून नेला. कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून आमू खाली खेळायला गेली नाही. लिफ्टमध्ये कुणी "काय गं, कितवीत आहेस?" म्हटलं की ती मजल्यांचे बदलणारे आकडे बघत राहायची. रविवारी सकाळी आम्ही तिघं पंचशील म्हणतो. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. त्या रविवारी तिथं ती गप्प राहिली. आईने डोळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बाकीचे कुठं पाळतात? मी एकटीने म्हणून काय होणार आहे?"

पंचशीला मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर घरी असता. इतकं वाचता. तिला चांगल्या माणसांच्या गोष्टी सांगा. प्राण्यांना मदत करणाऱ्या. पण खऱ्या सांगा हां, तिला खोटं लगेच कळतं."

शेवटचं वाक्य ती भांडी लावता लावता बोलली. मला मात्र ते माझ्याकडे रोखून बघत बोलल्यासारखं वाटलं. त्याला कारण होतं.

मी एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. या कामाची एक रीत आहे. चुका सापडायला हव्या असतील तर मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत यायचं. म्हणजे अर्थ आड येत नाही. अर्थ कळायला लागला की माणूस पुढे पळतो आणि पहिली वेलांटी दुसरी झालेली दिसत नाही. मी या रीतीने हजारो पानं वाचली. त्यात काय होतं हे विचाराल तर मला फार सांगता येणार नाही. शुद्ध होतं एवढं नक्की.

आमचे सेक्रेटरी दिपेशभाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. माणूस कामाचा आहे. मराठी बोलतात भरभरून, पण लिहिताना घाबरतात. नोटीस मराठीत लागली पाहिजे आणि तिला कुणी हसता कामा नये, म्हणून ती आधी माझ्याकडे येते. त्या खेपेला आलेला कागद असा होता: "कुत्रा लोकांना गेट जवळ खाना नाही देवाचा. नाहीतर सोसायटी काहीतरी करेल."

मी तो शेवटून वाचला आणि मग नीट लिहून दिला: "भटक्या कुत्र्यांना प्रवेशद्वाराजवळ खाऊ घालू नये. अन्यथा सोसायटीतर्फे योग्य तो बंदोबस्त करण्यात येईल."

'काहीतरी करेल' हे मला नोटिशीत शोभेसं वाटेना. काहीतरी म्हणजे काय? मोघम शब्द मला आवडत नाहीत. दिपेशभाईंनी कागद वाचला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास, काका. एकदम सरकारी वाटतंय." मला ती सगळी संध्याकाळ बरं वाटत होतं. हेही लिहून टाकतो.

बारा दिवसांनी टेम्पो आला.

नोटीस माझ्या हातची आहे हे आमूला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. सांगायचं रोज ठरवत होतो. पण सांगून हवालदार परत येणार नव्हता, आणि न सांगण्याला मला रोज एक नवं चांगलं कारण सापडत होतं.

खऱ्या गोष्टींचा शोध मी घरातूनच सुरू केला, कारण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम येतो. पंचशीला ज्यांच्याकडून मासे घेते त्या बर्नडेटबाई उत्तनहून येतात. त्यांच्या नवऱ्याने, गॅब्रियलने, मागे एक कासव वाचवलं असं त्या बाजारात सांगत होत्या. मी हे आमूला सांगितलं. तिने नाव आणि गाव वहीत लिहिलं आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"विचारायला. खरं आहे का ते."

मी तिला सांगायला गेलो की असं कुणाच्याही दारात उठून जात नसतात. पण ती नऊ दिवसांनी प्रथमच आपणहून चपला घालत होती. आम्ही उत्तनची बस धरली.

गॅब्रियल घरापुढे जाळं दुरुस्त करत बसले होते. पलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत होते. मी कशासाठी आलो हे सांगताना माझी दोन वाक्यं एकमेकांत गुंतली. आमूने मला बाजूला केलं.

"कासव तुम्ही वाचवलं?"

"कोन बोल्ला?"

"बर्नडेटआंटी."

"ती बाजारात काय पन बोलते." ते पुन्हा जाळ्याकडे वळले. मला परत जावंसं वाटू लागलं. आमू जमिनीवर बसली. दोन मिनिटांनी तेच म्हणाले, "जाल्यात घुसलं होतं. मोठं होतं. सोडवाया गेलो तसं आनखी गुतत चाललं. मंग कापलं."

"काय?"

"जालं. दुसरं काय कापनार, कासव?"

आतून बर्नडेटबाईंचा आवाज आला, "कोनाचं जालं ते पन सांग पोरीला!"

गॅब्रियलनी सुई जाळ्यातून ओढून घेतली. "भावाचं होतं," ते म्हणाले.

"मग भाऊ काय म्हणाला?"

"काय न्हाय. बोल्लाच न्हाय. पाच महिने."

"आता बोलतो?"

"नाताळात बोल्ला. जेवताना. 'मीठ दे' बोल्ला."

"तुम्ही दिलं?"

"दिलं ना. मीठच मागत होता."

आमूने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "भावाचं जाळं आहे हे माहीत होतं, तरी का कापलं?"

"माझ्याकडं बघत होतं ते," गॅब्रियल म्हणाले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सुईने माझ्याकडे खूण केली. "असं. ह्यांच्यासारखं. बोलायचं हाय पन बोलता येत न्हाय, तसं."

मी चेहरा बदलण्याचा प्रयत्न केला. बर्नडेटबाईंनी सरबत आणलं ते बरं झालं.

परतीच्या बसमध्ये आमू म्हणाली, "ही खरी आहे."

"कशावरून?"

"भाऊ पाच महिने बोलला नाही ना. खोट्या गोष्टीत शेवटी सगळे टाळ्या वाजवतात."

चौतीस वर्षांत साहित्याविषयी इतकं नेमकं वाक्य माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. गेलंही असेल, पण मी उलटं वाचत होतो.

दुसरी गोष्ट मीरा रोडच्याच नया नगरमध्ये मिळाली. नादिया पंचशीलाबरोबर काम करते. तिने पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार खिडकीच्या जाळीवरून सोडवली होती आणि अकरा दिवस बाथरूममध्ये ठेवली होती. तेवढे दिवस घरातली सहा माणसं अंघोळीला शेजारी जात. नवऱ्याने एकदा दाढीचं सामान घ्यायला दार उघडलं तर घारीने त्याचा अंगठा फोडला. अकराव्या दिवशी गच्चीवर नेऊन सोडली.

"मग ती परत बघून गेली?" आमूने विचारलं.

"कुठे काय! सीधी गेली. मागे पण नाही बघितलं."

"थँक्यू पण नाही?"

"अगं, अंगठ्याला पट्टी मी केली, तर माझे मियाँ पण थँक्यू नाही बोलले. ती तर घार आहे."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

नादियाने खरोखर विचार केला. "पहिल्या दिवशी बाथरूम भेटलं म्हणून बरं वाटलं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वाटलं थोडं."

त्या रात्री जेवताना आमूने दुसरी भाकरी मागितली. पंचशीलाने माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे काहीतरी जमल्यासारखं पाहत होतं. आमू वही ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "उत्तनची माणसं चांगली आहेत. नया नगरची पण आहेत. आपल्या बिल्डिंगमधली नाहीत." मग घास गिळून, हिशोब चुकायला नको अशा सुरात तिने भर घातली, "आजोबा सोडून."

मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी प्यायलो.

पुढच्या रविवारी आम्ही पंचशील म्हणायला बसलो. आमूने पहिलं शील म्हटलं, हळू, पण म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तिथं माझा आवाज बसला. पंचशीलाला वाटलं, मला सर्दी झाली. तिने आल्याचा काढा दिला. मी तो प्यायलो, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

सोमवारी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. दारावरची पाटी चार वेळा वाचली. तिच्यात चूक नव्हती. शेवटी घंटा दाबली.

"काका! या ना. फोन करायचा, मी वर आलो असतो. चाय घेणार?"

"दिपेशभाई, तो कुत्रा..."

"कुठला कुत्रा?" ते म्हणाले आणि लगेच खाली बसले. "हवालदार?"

त्यांना नाव ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, "कुठं नेला त्याला?"

"काका, आता तुम्ही पण मला बोलणार? घरी मिसेस बोलते, वॉचमन तोंड फिरवतो, तुमची छोटी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाही. आणि लिहिला कोणी? तुम्ही."

"मी फक्त शुद्धलेखन..."

"मी काय लिहिला होता? 'काहीतरी करेल.' पार्किंगची नोटीस, काहीतरी करेल. गच्चीवर पापड वाळत घातले, काहीतरी करेल. सात वर्षं सेक्रेटरी आहे, काका, कधी काही केला? मला माहीत, पब्लिकला पण माहीत. काहीतरी म्हणजे काही नाही. मग तुम्ही लिहिला, बंदोबस्त करण्यात येईल. बोर्डवर लागला. दुसऱ्या दिवशी चार जण दारात. दिपेशभाई, बंदोबस्त कधी? तारीख सांगा. मी बोललो, अरे ते फक्त लिहिलंय. ते बोलले, काकांच्या हातचं आहे, असंच कसं लिहितील? आता छापलाय तर करायला पाहिजे ना?"

माझ्या एखाद्या शब्दाने काही घडेल ही शक्यता मी आयुष्यात कधी धरली नव्हती.

"असं कुत्रं उचलून दुसरीकडे सोडणं कायद्यात बसत नाही," मी म्हटलं. हे मला नोटीस लिहितानाही माहीत होतं.

"आता सांगता?" दिपेशभाई म्हणाले. मग आवाज खाली आला. "मला पण चांगला नाही वाटला. टेम्पोत चढवला तर शेपूट हलवत होता. त्याला वाटला फिरायला नेतात."

त्यांनी जागा सांगितली. चेणे, घोडबंदर रोडला, रोपवाटिका आहेत त्या बाजूला. "झाडं-बिडं आहेत. मी टेम्पोवाल्याला बोललो, हवा चांगली आहे तिकडे सोड."

मी चहा घेतला नाही. घ्यायला हवा होता, त्यांना वाईट वाटलं.

आमू बाल्कनीत अभ्यास करत होती. मी स्टुलावर बसलो.

"आमू, आपल्या बिल्डिंगमधली एक गोष्ट आहे. खरी. नाव-पत्ता सगळं आहे."

"चांगली?"

"नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मी सांगितलं. कच्चा कागद माझ्याकडे होता, मी प्रुफं टाकत नाही. तो दाखवला. तिने दिपेशभाईंचं वाचलं, मग माझं वाचलं. पुन्हा दिपेशभाईंचं वाचलं.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं. शेवटून." मी तिला माझ्या कामाची रीत सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली.

"म्हणजे पहिला शब्द तुम्ही सगळ्यात शेवटी वाचला."

"हो."

"पहिला शब्द 'कुत्रा' आहे."

"हो."

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तोपर्यंत तुम्ही दमला असाल."

मी हो म्हणू शकलो असतो. पोरीने दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत जायचं होतं.

"दमलो नव्हतो," मी म्हटलं. "कुत्रा हा शब्द दिसला होता मला. तो हवालदार, हेही कळलं होतं. तू त्याला पोळी देतेस, तेही. मला वाटलं, आपल्याला काय करायचंय. आपण ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघावं."

आमूने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि आत गेली.

रात्री तिने आपलं ताट उचलून आईच्या पलीकडे मांडलं. पंचशीलाने विचारलं, काय झालं, तेव्हा मीच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. पंचशीलाने घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "आणि मी तुम्हाला काढा पाजला."

चार दिवस आमू माझ्याशी बोलली नाही. बोललीच तर आईमार्फत. शनिवारी सकाळी ती दारात उभी होती. पायात बूट, पाठीवर दप्तर. दप्तराला पोळ्यांचा वास येत होता.

"आई, चेण्याला बस जाते का?"

"आजोबांना विचार, त्यांना ठाऊक असतं."

"तू विचार."

पंचशीलाने माझ्याकडे मान वळवली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. "बाबा, चेण्याला बस जाते का?"

"जाते."

"जाते म्हणतात."

"किती वाजता?"

अशा रीतीने आमचा प्रवास ठरला.

घोडबंदर रोडवर उतरलो तेव्हा ट्रकांच्या वाऱ्याने माझी टोपी दोनदा उडाली. रोपवाटिका एकामागून एक होत्या. आमू माझ्या चार पावलं पुढे चालत होती आणि प्रत्येक फाटकाशी थांबून माझ्याकडे न बघता उभी राहत होती. म्हणजे विचारायचं मी. मी विचारत गेलो. पहिल्या ठिकाणी नाही. दुसऱ्या ठिकाणी नाही. तिसऱ्या ठिकाणी मी घाईत म्हटलं, "आमचा हवालदार हरवलाय. खाकी रंगाचा. इथं कुठं दिसला का?"

कुंड्या भरणारा माणूस हात झटकत उठला. "कधीपासून? ड्युटीवर होते का?"

"नाही... चार पायांचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आमूकडे पाहिलं. ती तोंड फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं वाटून मी घाबरलो. ती हसत होती. मी ते पाहिलं हे तिला कळल्यावर थांबली.

"एक कुत्रा हाय बगा," तो माणूस म्हणाला. "पुढं दुर्गाबाई भाजी घेऊन बसते, तिच्याकडं."

दुर्गाबाई रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली काकड्या आणि शेवग्याच्या शेंगा मांडून बसल्या होत्या. मागे गोणपाटावर हवालदार पडला होता. त्याच्या मागच्या पायाला लुगड्याच्या पट्टीने काठी बांधलेली होती, पट्टी हळदीने पिवळी झाली होती. तो बारीक झाला होता. आमूने हाक मारली नाही. हवालदाराने आपणच डोकं वर केलं आणि शेपटीने गोणपाटावर धप धप आवाज करायला सुरुवात केली.

आमू त्याच्याजवळ बसली. दप्तर उघडलं. पोळ्या सात होत्या.

"वळखीचा हाय काय तुमच्या?" दुर्गाबाईंनी विचारलं. "आमी पावना म्हनतो त्याला. टेम्पोतून कोन सोडून गेला. टेम्पोच्या मागं धावला हा, तं मोटारसायकल येऊन आदळली. कसली मानसं असतात!"

आमूने वर पाहिलं. मला ठाऊक होतं ती काय सांगणार. ती खोटं सांगत नाही.

"हे माझे आजोबा," ती म्हणाली. "नोटीस ह्यांनी लिहिली. मग कमिटीने टेम्पो आणला."

दुर्गाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. चष्मा, टोपी, हातातली पिशवी. "ह्यांनी?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडं बघून तं वाटत न्हाय."

"मलाही वाटलं नव्हतं," आमू म्हणाली. "पण त्यांनी स्वतःच सांगितलं. मी विचारलं पण नव्हतं."

"मंग आता कशाला आलात?" हा प्रश्न मला होता.

नोटिशीत घालण्याजोगा एकही शब्द मला सुचला नाही. "न्यायला," मी म्हटलं. "तुमची हरकत नसेल तर."

दुर्गाबाईंनी काकड्यांवर पाणी शिंपडलं. सगळ्यांवर शिंपडून झालं तरी शिंपडत राहिल्या. "माझी कसली हरकत. पावनाच तो. जायाचाच कधीतरी." मग आमूला म्हणाल्या, "पट्टी रोज बदल गो बाय. डाक्टरला दाखव. आनि त्याला काकडी आवडते. सालासकट न्हाय हां."

"काकडी?" आमू म्हणाली. "तो काकडी खातो?"

"खातो म्हंजे! इचार त्याला."

ती आणखी बराच वेळ दुर्गाबाईंशी बोलत होती. त्यात माझं काही काम नव्हतं. मी थोडा लांब गेलो आणि दिपेशभाईंना फोन लावला. याआधी कुणाला आपणहून फोन कधी लावला होता, हे मला आठवत नाही.

"दिपेशभाई, आम्ही त्याला आणतोय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "काका, कमिटीला मी काय सांगू?"

"मी आणला म्हणून सांगा. नोटीसही मीच लिहिली होती आणि ती चुकीची होती, हेही सांगा. मीटिंग बोलवलीत तर मी येईन."

"तुम्ही? मीटिंगला?" ते म्हणाले. मी सात वर्षांत एकाही मीटिंगला गेलो नव्हतो. "बरं. किती वाजता पोचणार?"

रिक्षावाला आधी तयार नव्हता, मग झाला. हवालदार मात्र रिक्षा बघून मागे सरकू लागला. गाडीत बसून काय होतं हे तो शिकला होता. शेवटी दुर्गाबाई म्हणाल्या, "बाबा, तुमी आधी बसा." मी बसलो. त्यांनी गोणपाट माझ्या मांडीवर पसरलं, हवालदाराला उचललं आणि वर ठेवलं. मला कुत्र्यांची भीती वाटते. त्याची छाती माझ्या हाताखाली धडधडत होती आणि माझी त्याच्या कानाखाली. आमू माझ्या शेजारी बसली. मधे जागा नव्हती म्हणून चिकटून बसावं लागलं, यातून मी काही अर्थ काढला नाही.

"अंकल, कुत्ता किसका है?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"सोसायटी का," मी म्हटलं. ते बरोबर आहे की नाही याची खात्री नव्हती.

काशिमिऱ्याच्या सिग्नलला आमू रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुमचा हात त्याच्या पायावर आहे. दुखत असेल." चार दिवसांत ती माझ्याशी थेट बोललेली पहिली गोष्ट. मी हात काढला. मग तो कुठं ठेवावा हे न कळून वर धरला. तिने तो घेऊन कुत्र्याच्या मानेवर ठेवला. "तिथं. आणि असा दगडासारखा ठेवू नका."

गेटवर दिपेशभाई उभे होते. सकाळच्या पूजेचा पांढराशुभ्र झब्बा अजून अंगात होता. त्यांच्या मागे नोटिशीबद्दल तारीख विचारणाऱ्या चौघांपैकी दोघं हाताची घडी घालून उभे होते. बाल्कन्यांमध्ये माणसं आली होती. रिक्षा थांबली. मला उठता येईना. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मांडीवर हवालदार होता. मी दोनदा प्रयत्न केला. मागच्या दोघांपैकी कुणीतरी खोकलं.

आमू उतरली. तिने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. या माणसांशी ती महिनाभर एक अक्षर बोलली नव्हती.

"दिपेशकाका," ती म्हणाली, "मागची बाजू तुम्ही धरा. आजोबांच्याने होत नाही."

दिपेशभाईंनी झब्ब्याकडे पाहिलं. मग बाह्या वर सारल्या, वाकले आणि गोणपाटाची मागची दोन टोकं धरली. तिने पुढची धरली. ते उलटी पावलं टाकत गेटातून आत जाऊ लागले. मागे उभे असलेले दोघं बाजूला झाले. त्यांना व्हावंच लागलं, नाहीतर दिपेशभाई त्यांच्या पायांवर आले असते.

"किधर ठेवू?" दिपेशभाईंनी विचारलं. "इथे?"

"इथे ऊन आहे," आमू म्हणाली. "पलीकडे चला. हळू. पट्टीला धक्का लावू नका."